आपल्या माणसाला किडनी कोण देऊ शकेल?

१. प्रश्न कोठून सुरू होतो

दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत, तूर्त डायलिसिसवर निभावेल, परंतु शक्य झाल्यास नवी किडनी बसवून घ्यावी, असे डॉक्टरांनी सांगितले म्हणजे रुग्णालयाच्या पायऱ्या उतरता उतरता घरची माणसे एकमेकांना प्रथम हेच विचारतात, की किडनी देणार कोण? ज्या रस्त्याला सरकारदप्तरी कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी यांचे नाव लागलेले आहे, तरी ज्याला तेथील रहिवासी आजही डिलाईल रोडच म्हणतात, त्या रस्त्यावरच्या बीडीडी चाळींत असा प्रश्न एका बिऱ्हाडापुरता राहत नाही. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबई सरकारच्या विकास खात्याने बांधलेल्या त्या बत्तीस चाळी, १६० चौरस फुटांची एकेक खोली आणि सगळ्यांचा मिळून एक व्हरांडा, अशी जेथील वहिवाट, तेथे कोणाच्या घरी दुखणे आले हे दिवेलागणीपूर्वी सगळ्या मजल्याला ठाऊक होते, आणि सहानुभूतीबरोबर सल्लेही येऊ लागतात.

या सल्ल्यांत चार वाक्ये हटकून असतात: किडनी रक्ताच्या नात्यातलीच लागते, म्हणून बायकोची चालत नाही, किडनी दिलेला माणूस कष्टाच्या कामातून जातो, कायद्याची भानगड इतकी आहे की मामा-मावशीची किडनी मिळणे अशक्य, आणि शेवटी, आवाज खाली करून सांगितलेले, की पैसे टाकले तर सगळे मिळते. ही चारही वाक्ये, काही थोडी आणि काही पूर्णपणे, चुकीची आहेत. आणि ती चुकीची का, हे क्रमाने समजून घेतल्यावाचून दात्याचा शोध नीट सुरूच होत नाही.

२. एका किडनीवर माणूस कसा जगतो

पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांस, बरगड्यांच्या खालच्या कडेशी, सुमारे मुठीएवढी आणि दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाची अशी ही दोन इंद्रिये असतात. प्रत्येकीत सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असून दोहोंतून मिळून चोवीस तासांत १८० लिटरच्या घरात द्रव गाळला जातो. त्यातला बहुतेक सगळा शरीर परत घेते आणि दीड-दोन लिटर तेवढे मूत्ररूपाने बाहेर टाकते. निसर्गाने ही शक्ती गरजेहून पुष्कळ अधिक दिलेली आहे. एक किडनी काढली असता उरलेली काही आठवड्यांत आपले काम वाढवते आणि दोघींच्या पूर्वीच्या एकूण कामाच्या सुमारे सत्तर टक्के काम एकटी करू लागते, म्हणूनच निरोगी माणसाला एक किडनी देणे शक्य होते. उलट रुग्णाच्या किडन्यांची शक्ती पंधरा टक्क्यांच्या खाली गेली, की डायलिसिस किंवा प्रत्यारोपण यांचा विचार अटळ होतो.

डायलिसिस हा मोठा आधार आहे, याविषयी शंका नको. आणीबाणीतील स्थानबद्धतेत मूत्रपिंडे गमावलेल्या जयप्रकाश नारायण यांना मुंबईच्या जसलोक रुग्णालयातील डायलिसिसनेच पुढची वर्षे मिळवून दिली. तथापि आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक खेपेस चार तास यंत्राला जखडून राहणे, पाणीसुद्धा मोजून पिणे आणि रोजगार बुडवणे हे ज्यांच्या वाट्याला येते, त्यांना दुसऱ्याच्या किडनीचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

यशस्वी प्रत्यारोपणाचा आरंभ २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टन शहरात झाला. रिचर्ड हेरिक या तेवीस वर्षांच्या तरुणाला त्याच्या जुळ्या भावाची, रोनाल्डची, किडनी डॉ. जोसेफ मरे यांच्या हातून बसवण्यात आली. दोघे एकाच बीजापासून जन्मलेले असल्यामुळे रिचर्डच्या शरीराने ती परकी मानली नाही आणि तो आठ वर्षे जगला. किडनी देणारा रोनाल्ड मात्र २०१० सालापर्यंत, म्हणजे पुढे छप्पन वर्षे होता. मरे यांना १९९० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे पहिला प्रयत्न डिलाईल रोडपासून हाकेच्या अंतरावर, परळच्या केईएम रुग्णालयात १९६५ साली झाला. ती किडनी मृत व्यक्तीची होती आणि त्या रुग्णाला फार दिवस लाभले नाहीत. जिवंत दात्याच्या किडनीचे यशस्वी प्रत्यारोपण १९७१ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाले, आणि पुढे १९८०च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आल्यावर, जुळे भावंड नसलेल्या सामान्य माणसालाही ही वाट मोकळी झाली.

३. जुळते म्हणजे नेमके काय जुळते

लोक ज्याला सरसकट ‘मॅचिंग’ म्हणतात, त्यात तीन वेगवेगळ्या परीक्षा असतात. त्यांची सरमिसळ झाल्यामुळे पुष्कळ गैरसमज होतात. म्हणून त्या एकेक करून पाहू.

पहिली परीक्षा रक्तगटाची. ‘ओ’ गटाचा माणूस कोणालाही देऊ शकतो, परंतु घेऊ शकतो तो केवळ ‘ओ’कडून, ‘एबी’ गटाचा कोणाकडूनही घेऊ शकतो, ‘ए’ गटाच्या रुग्णाला ‘ए’ किंवा ‘ओ’ चालतो आणि ‘बी’ गटाच्या रुग्णाला ‘बी’ किंवा ‘ओ’. रक्त चढवताना ज्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हची आपण काळजी करतो, तिचा किडनीच्या बाबतीत अडसर नाही. समजा, घरातला थोरला मुलगा आजारी आहे आणि त्याचा गट ‘ओ’ आहे. आईचा गट ‘बी’, वडिलांचा ‘ए’, धाकट्या भावाचा ‘ए’ आणि बहिणीचा ‘ओ’. आईवडिलांपैकी कोणाचाही गट ‘ओ’ नसताना मुलाचा ‘ओ’ कसा, असा संशय घेण्याचे कारण नाही, कारण दोघांकडूनही दडलेला ‘ओ’ त्याच्याकडे येऊ शकतो. मात्र या घरात रक्तगटाच्या पहिल्या चाळणीतून एकटी बहीण पार पडते. सगळ्यांच्या महागड्या तपासण्या करण्यापूर्वी सगळ्यांचे रक्तगट कागदावर लिहून काढावेत, एवढ्या साध्या गोष्टीने वेळ आणि पैसा दोन्ही वाचतात.

दुसरी परीक्षा पेशींवरील खुणांची. या खुणांचा अर्धा संच प्रत्येकाला आईकडून आणि अर्धा वडिलांकडून मिळतो. म्हणून आईबाप आणि मूल नेहमी निम्मे जुळतात. सख्ख्या भावंडांत मात्र पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक, निम्मे जुळण्याची चारांत दोन आणि मुळीच न जुळण्याची चारांत एक असते. सख्खा भाऊ असूनही काहीच जुळले नाही, यात नात्याला कमीपणा आणणारे काही नाही. पूर्वी या जुळणीला फार महत्त्व होते. औषधे सुधारल्यावर ते पुष्कळ कमी झाले. १९९५ मध्ये पॉल तेरासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील प्रत्यारोपणांचा मोठा हिशेब प्रसिद्ध केला. पतीपत्नींमध्ये दिलेल्या किडन्यांपैकी तीन वर्षांनंतर ८५ टक्के चालू होत्या, आईवडिलांनी दिलेल्यांपैकी ८२ टक्के आणि मृत दात्यांकडून मिळालेल्यांपैकी ७० टक्के, असे त्यात आढळले. पतीपत्नींच्या खुणा जुळत नसतानाही हा निकाल आला, कारण निरोगी जिवंत माणसाच्या देहातून काढून लगेच बसवलेली किडनी ताजी आणि धडधाकट असते. बायकोची किडनी चालत नाही या वाक्याला याहून स्पष्ट उत्तर नाही.

तिसरी परीक्षा क्रॉसमॅचची, आणि निर्णायक हीच. रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशींविरुद्ध लढणारी प्रतिद्रव्ये आधीच तयार आहेत काय, हे तीत पाहतात. ती असतील तर किडनी बसवता बसवताच निकामी होण्याचा धोका असतो. अशी प्रतिद्रव्ये पूर्वी चढवलेल्या रक्तामुळे, आधीच्या प्रत्यारोपणामुळे किंवा गर्भारपणामुळे निर्माण होतात. तीन मुलांची आई आजारी पडते, नवरा आणि मुले किडनी देण्यास पुढे होतात, आणि क्रॉसमॅच विरुद्ध येते, ही दुःखद परंतु समजण्यासारखी घटना आहे: गर्भारपणात मुलांच्या, आणि मुलांमधून नवऱ्याच्या, पेशींची ओळख तिच्या रक्ताने करून घेतलेली असते. डायलिसिसवरच्या रुग्णाला फार निकड नसताना रक्त चढवू नये असे डॉक्टर का म्हणतात, तेही यावरून कळेल.

४. देणाऱ्याचे पुढे काय होते

दात्याची तपासणी रुग्णाहूनही कसोशीने होते आणि ती तशीच झाली पाहिजे. रक्तदाब, साखर, मूत्रातून जाणारे प्रथिन, कावीळ आणि एचआयव्हीसारखे संसर्ग, दोन्ही किडन्यांचे वेगवेगळे काम, त्यांच्या रक्तवाहिन्यांची संख्या, आणि मनाची तयारी, इतके सगळे पाहिले जाते. वय अठराच्या वर हवे. वरची मर्यादा मात्र वयापेक्षा प्रकृतीवर ठरते, आणि साठी ओलांडलेली आई किंवा आजी पुष्कळदा योग्य ठरते. मधुमेही माणसाला बहुधा नकार मिळतो. घराण्यात गाठींच्या किडनीचा आनुवंशिक विकार असेल, तर भावंडे आणि मुले यांची त्या दृष्टीने निराळी तपासणी केल्यावाचून त्यांना दाता मानता येत नाही, कारण अशा रोग्याच्या प्रत्येक अपत्याला तो विकार होण्याची शक्यता निम्मी असते. दोन किडन्यांत एक अधिक चांगली निघाली, तर चांगली दात्याकडेच ठेवावयाची, हा या शास्त्रातील दंडक आहे.

आता शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीने होते. ही पद्धत १९९५ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. दाता काही दिवसांत घरी येतो, हलके काम दोन-तीन आठवड्यांत करू लागतो आणि जड ओझे मात्र सुमारे दीड महिना उचलत नाही. त्यानंतर हमालीचे, यंत्रावरचे, शेतातले काम करण्यास बहुतेकांना अडचण येत नाही. वर्षातून एकदा रक्तदाब आणि मूत्र तपासणे आणि दुखण्याच्या गोळ्या मनाने न घेणे, हे मात्र जन्मभराचे पथ्य होय.

धोका मुळीच नाही असे जो सांगतो, तो दात्याची फसवणूक करतो. अमेरिकेतील ८० हजारांहून अधिक दात्यांच्या पाहणीत शस्त्रक्रियेनंतरच्या तीन महिन्यांत दहा हजारांमागे सुमारे तीन मृत्यू आढळले. पुढे आयुष्यभरात दात्याची स्वतःची किडनी निकामी होण्याची शक्यता दुसऱ्या मोठ्या अभ्यासात दहा हजारांत ९० इतकी निघाली. तितक्याच निरोगी परंतु किडनी न दिलेल्या माणसांत ती १४ होती, आणि न निवडलेल्या सर्वसाधारण जनतेत ३२६. म्हणजे दात्याचा धोका सामान्य माणसाहून कमीच, परंतु त्याने किडनी दिली नसती तर जितका राहिला असता त्याहून जास्त. ज्या तरुण स्त्रीला पुढे मूल हवे आहे, तिला गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका काहीसा अधिक असतो, हेही तिला आधी सांगितले पाहिजे. हे आकडे मोठे नाहीत, पण ते लपवून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे.

५. कायदा कोणाला जवळचा मानतो

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा संसदेने १९९४ मध्ये केला आणि फेब्रुवारी १९९५ पासून तो ज्या पहिल्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता. पती, पत्नी, आई, वडील, मुलगा, मुलगी, भाऊ आणि बहीण यांना त्याने निकटचे नातेवाईक मानले. २०११ च्या दुरुस्तीने आजी, आजोबा, नातू आणि नात यांची भर घातली. यांच्यापैकी कोणी दाता असेल, तर नाते शाबीत करणारे दस्तऐवज आणि रुग्णालयातील अधिकाऱ्याची मंजुरी पुरते.

मामा, मावशी, आत्या, काका, चुलत आणि मावस भावंडे, सासू, सून, जावई, वहिनी, तसेच शेजारी आणि मित्र हे मात्र या यादीत नाहीत. त्यांना मज्जाव आहे असे नव्हे; त्यांचा अर्ज प्राधिकार समितीपुढे जातो. माया किंवा जिव्हाळा या कारणाने किडनी देण्यास कायद्याची हरकत नाही, परंतु मायेच्या मुखवट्याखाली सौदा तर नाही ना, ही खातरजमा समिती करते. त्यासाठी ती दाता आणि रुग्ण यांची जबानी घेते, नात्याचे किंवा मैत्रीचे जुने पुरावे आणि छायाचित्रे मागते, दोघांच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद पाहते, एक अतिशय श्रीमंत आणि दुसरा अतिशय गरीब असेल तर त्याचे कारण विचारते, मध्ये कोणी दलाल नाही हे ताडून पाहते, आणि दात्याच्या स्वतःच्या घरच्या माणसाला, बहुधा त्याच्या पत्नीला किंवा आईला, हे सगळे ठाऊक आहे काय असेही विचारते. या प्रश्नांनी पुष्कळ प्रामाणिक माणसे अपमानित होतात. माझ्या मते त्यांनी हा त्रास सोसावा. कारण हीच चौकशी उद्या एखाद्या कर्जबाजारी मजुराला वाचवणार असते. गावच्या घरातील जुने फोटो, शिधापत्रिका, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले अशी जमवाजमव करून गेले, की काम पुष्कळ सोपे होते.

नियमांतील आणखी एक कलम प्रत्येक घराने वाचावे असे आहे. दाता स्त्री असेल तर अधिक सावधगिरी बाळगावी, आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पक्की करून घ्यावी, असे ते फर्मावते. हे कलम का घालावे लागले, ते आकडेच सांगतात: १९९५ ते २०२१ या काळात देशात नोंदलेल्या ३६,६४० अवयव प्रत्यारोपणांपैकी २९,६९५ पुरुषांना लाभली आणि अवघी ६,९४५ स्त्रियांना.

६. विचारावे कसे

येथवरचे सगळे कळणे सोपे आहे. घरे अडतात ती या पायरीवर. किडनी मागावी कशी? रुग्णाच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि फुटावा अशी अपेक्षाही आपण करू नये. भावाकडे पैसे मागताना जो संकोच वाटतो त्याहून कितीतरी मोठा संकोच येथे असतो, आणि ज्याच्याकडे मागावयाचे त्याची अवस्था त्याहून बिकट, कारण ‘हो’ म्हणावे तर भीती आणि ‘नाही’ म्हणावे तर जन्माचा ठपका.

माझे निश्चित मत असे आहे, की किडनी मागू नये, हकीकत सांगावी. ज्याला दुखणे नीट समजले, रक्तगट कळला, दात्याला काय करावे लागते ते कळले, त्याच्या मनात विचार आपोआप सुरू होतो. आणि स्वतःच्या मनात उगवलेला विचार शेवटपर्यंत टिकतो, इतरांनी लादलेला विचार शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री गळून पडतो. यासाठी रुग्णाऐवजी घरातल्या किंवा भावकीतल्या एका शांत, विश्वासू माणसाने हे काम अंगावर घ्यावे. डिलाईल रोडवरची अनेक घरे रत्नागिरी-सिंधुदुर्गची किंवा सातारा-कोल्हापूरकडची. गणपतीला वा जत्रेला गावी सगळी भावकी एकत्र येते, तेव्हा ही हकीकत सांगण्यास संधी मिळते. मात्र त्या गर्दीत कोणाकडे बोट दाखवून ‘तू देशील ना?’ असे विचारणे म्हणजे त्याला पंचांपुढे उभे करणे होय. तेथे सांगावे, आणि उत्तर तेथे घेऊ नये.

काय सांगावे, याचा मसुदा असा करता येईल: “आबांच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. त्यांचा गट बी आहे, म्हणून बी किंवा ओ गटाचा माणूस लागेल. गट जुळत नसला तरी दुसरा मार्ग असतो. किडनी देणाऱ्याची पूर्ण तपासणी होते आणि त्याला धोका वाटला तर डॉक्टर स्वतःच नको म्हणतात. कोणाला आणखी माहिती हवी असेल तर त्याने एकट्याने येऊन डॉक्टरांशी बोलावे. आम्ही सोबत येणार नाही. कोणाला जमले नाही तर आपल्या जाण्यायेण्यात काही फरक पडणार नाही.” यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, आणि ते बोलून मग वागून दाखवावे लागते.

दात्याने डॉक्टरांना एकट्याने भेटणे यासाठीच आवश्यक आहे. ज्याला पुढे जावयाचे नाही त्याने तेथे मोकळेपणाने तसे सांगावे. दाता वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही, एवढेच उत्तर घरच्यांना मिळते आणि कारण गुप्त राहते, ही प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांची जुनी आणि शहाणपणाची रीत आहे. संमती दिल्यावरही, शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत, माघार घेण्याचा हक्क दात्याला असतो.

दोन गोष्टी मला येथे कळकळीने सांगावयाच्या आहेत. पहिली, घरात किडनीचा प्रश्न निघाला की सगळ्यांची नजर प्रथम पत्नीकडे किंवा आईकडे वळते, आणि ती बिचारी कोणी विचारण्यापूर्वीच ‘माझी घ्या’ म्हणते. तिच्या प्रेमाविषयी शंका नाही; परंतु तिचे ‘हो’ ऐकून इतरांनी सुटकेचा निःश्वास टाकावा, हे उचित नव्हे. भाऊ, वडील, मोठा मुलगा यांचे रक्तगट तिच्याआधी किंवा तिच्याबरोबर तपासले गेले पाहिजेत. आणि तीच आजारी पडली, तर घरातल्या पुरुषांनी तितक्याच तत्परतेने पुढे आले पाहिजे. दुसरी गोष्ट, आईवडील आजारी असले म्हणजे ‘पोराची किडनी मी घेणार नाही’ असे निग्रहाने सांगतात. हा नकार आदराने ऐकावा. तथापि सज्ञान मुलाला निदान तपासणी करून घेऊ द्यावी. लालूप्रसाद यादव यांना डिसेंबर २०२२ मध्ये सिंगापूर येथे त्यांच्या कन्येने किडनी दिली. मुलांचा हा अधिकार आईबापांनी न विचारता नाकारू नये.

दाता मिळाल्यावर त्याचा रोजगार बुडतो, हा प्रश्न गिरणगावासारख्या वस्तीत फार खरा आहे. किडनीबद्दल मोबदला देणे गुन्हा असला, तरी दात्याचा प्रत्यक्ष खर्च आणि दानामुळे बुडालेली मजुरी भरून देण्यास कायद्याने मुभा ठेवलेली आहे. तो हिशेब लेखी ठेवावा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना अवयवदानासाठी ४२ दिवसांपर्यंत विशेष रजा देण्याचा आदेश २०२३ मध्ये निघाला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाख रुपये होती, ती २०२३ च्या निर्णयाने साडेचार लाख झाली. औषधे मात्र जन्मभर घ्यावी लागतात, याची तजवीज आधीच करावी; आणि १६० चौरस फुटांच्या खोलीत पाच-सहा माणसे राहत असतील, तर पहिले तीन-चार महिने, संसर्गाची भीती सर्वांत अधिक असते तेव्हा, रुग्णाला निराळी स्वच्छ जागा कोठे मिळेल हेही शस्त्रक्रियेपूर्वी ठरवावे. चाळीतले शेजारी किडनी देऊ शकले नाहीत, तरी एक खोली महिना-दोन महिने मोकळी करून देऊ शकतात.

७. माणूस आहे, पण जुळत नाही

पत्नी द्यायला तयार आहे आणि रक्तगट आडवा येतो, अशा वेळी पुष्कळ घरे शोध सोडून देतात. त्यांनी अदलाबदलीचा मार्ग समजून घ्यावा. चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका बिऱ्हाडात गुडघे धरलेली म्हातारी आहे आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाला वरची, वाऱ्याची खोली हवी आहे. दोघांनी खोल्या बदलल्या, तर कोणाचे काही न गमावता दोघांचेही काम होते. किडनीचे तसेच. एका घरात नवरा रुग्ण, गट ‘ए’, आणि देणारी पत्नी ‘बी’ गटाची. दुसऱ्या घरात मुलगा रुग्ण, गट ‘बी’, आणि देणारी आई ‘ए’ गटाची. पहिल्या घरची पत्नी दुसऱ्या घरच्या मुलाला देते, आणि त्या मुलाची आई पहिल्या घरच्या नवऱ्याला. एकाने घेऊन मग माघार घेऊ नये म्हणून चारही शस्त्रक्रिया एकाच वेळी करतात.

२०११ च्या दुरुस्तीने अशा अदलाबदलीला कायद्यात स्पष्ट स्थान मिळाले. प्रत्येक दाता आपापल्या रुग्णाचा निकटचा नातेवाईक असावा आणि समितीची मंजुरी असावी, एवढी अट आहे. हीच कल्पना दोन घरांपुरती न ठेवता लांबवता येते. जून २०१३ मध्ये मुंबईत, अपेक्स किडनी फाउंडेशनच्या अदलाबदल नोंदवहीतून जुळवलेल्या पाच घरांची साखळी तीन रुग्णालयांत मिळून पार पडली. पाच दाते, पाच रुग्ण, दहा शस्त्रक्रिया. एकमेकांची नावेही कालपर्यंत ठाऊक नसलेल्या कुटुंबांनी हा भरवसा टाकला, याचे मोल शस्त्रवैद्यांच्या कौशल्याहून कमी नाही.

या मार्गाची एक अडचण लक्षात ठेवावी. ‘ओ’ गटाचा दाता सर्वांनाच थेट देऊ शकत असल्यामुळे तो अशा नोंदवहीत क्वचित येतो, आणि ‘ओ’ गटाचे रुग्ण मात्र तेथे साचत राहतात. त्यांना अधिक काळ थांबावे लागते. रक्तातील प्रतिद्रव्ये काढून वेगळ्या गटाची किडनी बसवण्याचीही पद्धत आता रूढ झाली आहे. तिचा खर्च आणि संसर्गाचा धोका दोन्ही जास्त, म्हणून अदलाबदल शक्य असेल तेथे ती आधी पाहावी.

८. पैसे टाकून

याविषयी थोडक्यात. किडनीची खरेदी-विक्री, त्यासाठी जाहिरात देणे आणि मध्यस्थी करणे, यांना पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी शिक्षा आहे, आणि ती विकणाऱ्याप्रमाणे घेणाऱ्यालाही लागू होते. २०१६ मध्ये मुंबईच्या उपनगरात, परक्या बाईला रुग्णाची पत्नी म्हणून उभे करण्याचा प्रकार ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी उघडकीस आला आणि डॉक्टरांसह अनेकांना अटक झाली. ज्याने गरजेपोटी किडनी विकली, त्याची पुढची तपासणी कोणी करत नाही आणि त्याचे कर्जही बहुधा फिटत नाही. रुग्णालयाच्या फाटकाशी कोणी ‘सोय करून देतो’ म्हणत आला, तर त्याच्याशी दुसरे वाक्य बोलू नये.

९. दोन्ही वाटा एकदम

जिवंत दात्याचा शोध चालू असताना मृत दात्याच्या प्रतीक्षायादीत नाव घालता येत नाही, ही समजूत चुकीची आहे. मुंबईत ही यादी विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र सांभाळते. त्याची कचेरी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आहे, आणि पश्चिम भारताचे प्रादेशिक केंद्र परळला केईएममध्येच. नोंदणी स्वतः जाऊन होत नाही. जेथे प्रत्यारोपण करावयाचे त्या मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत ती होते. यादीत हजारो नावे आहेत आणि मुदत वर्षांनी मोजावी लागते, म्हणून घरात दाता मिळेल की नाही याची वाट पाहत नोंदणी लांबवू नये. ज्या आठवड्यात डॉक्टर प्रत्यारोपणाचा विचार करा म्हणतील, त्याच आठवड्यात रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयकास भेटा, यादीत नाव घाला, अदलाबदलीच्या नोंदवहीविषयी विचारा, आणि घरी परतल्यावर सगळ्यांचे रक्तगट एका कागदावर लिहून काढा.